आईच्या नावापुढची टिंबं

५ जानेवारी

बीपी १७०/१००. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, राग माणसांवर काढू नका, वहीत काढा." ऋतुजाने लगेच कपाटातून गेल्या वर्षीची कोरी डायरी काढून दिली. बापाला गप्प बसवायची संधी पोरगी सोडत नाही.

तर राग. राग इंग्रजांवर आहे. लोक हसतात, म्हणतात गुरुजी, ते गेले की. गेले, पण घाण करून गेले. आज कोळेकट्टीच्या जुन्या कुळकर्ण्यांच्या दप्तरातला कागद हाती आला. १८९१च्या खानेसुमारीची, म्हणजे शिरगणतीची, गावची यादी, मोडीत. भिंग घेऊन सकाळपासून बसलो होतो. एक्केचाळीस घरं. पहिल्या घरापुढे भाषेच्या रकान्यात लिहिलंय 'कानडी'. आणि खाली चाळीस घरांना नुसती टिंबं! दोन टिंबं, दोन टिंबं, थेट तळापर्यंत. म्हणजे वरीलप्रमाणे. कुणाला विचारलं नाही, कुणाच्या दारात गेला नाही. तळाला साहेबाची इंग्रजी सही आणि 'तपासले' असा शेरा. काय तपासलं रे तू? घोड्यावरून उतरला तरी होतास का?

त्यांना काय, शेतसारा वेळेवर जमला की झालं. मराठी, कानडी, गुजराती, सिंधी असं सगळं एका इलाख्यात कोंबलं, मधे मधे संस्थानांची ठिगळं ठेवली, आणि सत्तेचाळीस साली गाठोडं तसंच टाकून बोटीत बसले. मग आमच्या लोकांनी वाटणी करायला काय काढलं? हेच त्यांचे रकाने. छप्पन साली भीमेच्या पलीकडचं कोळेकट्टी तिकडे कानडी मुलखात गेलं, ते या टिंबांवर.

कोळेकट्टी माझं आजोळ. यादीत सतराव्या घरात माझे खापरपणजोबा आहेत, 'मल्लाप्पा'. मुळात मल्हारी असणार, कारकुनाने मल्लाप्पा करून टाकलं. त्यांच्यापुढेही टिंबं.

ऋतुजाला म्हणालो, "इंग्रजांनी तुझ्या आजीचं माहेर तोडलं. साठ वर्षांत ती एकदाही तिकडे गेली नाही." तर ही म्हणते, "बाबा, इंडीची बस दिवसातून कितीतरी वेळा जाते की. सत्तर किलोमीटर."

प्रश्न बसचा नाही, हे हिला कोण सांगणार.

९ जानेवारी

आईसाठी नवीन बाई आली. मायाक्का. अक्कलकोटकडची, शेळगीत राहते, पन्नाशीची, हाताला स्वच्छ. आईला दिवाळीत झटका आल्यापासून उजवा हात चालत नाही आणि बोलणं जवळजवळ गेलंय. दोन-तीनच शब्द राहिलेत. सारखं 'मनी, मनी' करते. मनी ही आमची मांजर, जाऊन दहा वर्षं झाली. ऋतुजाची आई गेली तेव्हा आई इतकी रडली नव्हती, तितकी त्या मांजरीला रडली होती, हेही लिहून ठेवतो. खरं आहे ते.

मायाक्काला पहिल्याच दिवशी बजावलं, "या घरात कानडी चालणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, आईशी सारखं बोलत राहा, तिला बोलतं करा. तिच्याशी मराठीतच बोलायचं. डोक्यात गोंधळ नको." (डॉक्टर फक्त बोलत राहा म्हणाले होते. मराठीचं माझं.)

ती म्हणाली, "व्हय गुरुजी." आणि आईच्या खोलीत गेली.

मी सदुसष्ट वर्षांचा झालो, सगळं आयुष्य सोलापुरात गेलं, पण कानडीचा एक शब्द तोंडात घेतला नाही. गल्लीत अर्धी घरं कानडी बोलतात. दुकानदार कानडीत भाव सांगायला लागला की मी पुढच्या दुकानात जातो. वडिलांची शिस्त. सीमा आंदोलनात दोनदा तुरुंगात गेलेला माणूस होता तो.

१४ जानेवारी

गड्ड्याच्या यात्रेमुळे रस्ते बंद, तरी सिद्धनाथअण्णा चालत आले. आमच्या सीमा हक्क मंडळाचे अध्यक्ष. तिळगूळ घेतला, आणि बसल्या बसल्या म्हणाले, "गुरुजी, पाच फेब्रुवारीला सीमाप्रश्नाची समिती सोलापुरात येतीय. विश्रामगृहावर सुनावणी. कोळेकट्टीत जन्मलेलं जितं माणूस आपल्याकडं एकच हाय. तुमच्या आई. कागद हजार दाखवले तरी साहेब लोक कागदाला कागद लावत्यात. माणूस बोललं की गप बसत्यात. एक वाक्य पायजे. आमच्या घरात मराठी बोलायचे, बास."

मी म्हणालो, होईल. तीन आठवडे आहेत. आयुष्यभर पहिलीच्या पोरांना बाराखडी शिकवली, आईकडून एक वाक्य वदवून घेता येणार नाही?

अण्णा आईच्या पाया पडले. आई त्यांना म्हणाली, "मनी." अण्णा म्हणाले, "व्हय व्हय, आजी." बिचाऱ्यांना वाटलं आशीर्वाद दिला.

१५ जानेवारी

यादी पुन्हा काढली. टिंबं मोजली. माणसं आहेत रे ती, चाळीस घरं! एकेकाच्या दारात उभं राहून विचारायला काय झालं होतं?

शिरगणतीचं काम मीही केलंय. एक्याऐंशी, एक्याण्णव, दोन हजार एक. विणकरांच्या चाळीत उन्हातान्हात फिरायचो. पहिल्या घरी तेलुगू लिहिलं की खाली टिंबं देत जायचो, सगळेच मास्तर तसं करायचे, नाहीतर संध्याकाळपर्यंत चाळ संपत नसे. पण ती गोष्ट वेगळी. तिथे सगळे तेलुगूच होते, ते दिसतच होतं. आमच्या घरचा तक्ता तर मी जेवता जेवता भरला होता. वडिलांच्या नावापुढे मराठी, खाली आई, मी, बायको, ऋतुजा, सगळ्यांना टिंबं. घरच्या माणसांना काय विचारायचं?

साहेबाचं तसं नव्हतं. साहेब परका होता.

२० जानेवारी

आजपासून सराव. आईला खुर्चीत बसवलं, समोर मी. "म्हण आई, आमच्या." काही नाही. "आ-म-च्या." आई माझ्या तोंडाकडे बघते. लहानपणी मी पाढे म्हणायचो तेव्हा अशीच बघत बसायची, काही न बोलता.

तासाभराने म्हणाली, "हाल."

म्हटलं, हो गं आई, हाल झाले तुझे. माहेर तुटलं, साठ वर्षं हाल झाले. ती पुन्हा म्हणाली, "हाल, हाल," आणि डाव्या हाताने तोंडाकडे खूण केली. तोंडातून शब्द फुटत नाही, हेच सांगत असणार. मी म्हणालो, फुटेल, फुटेल. हे समितीपुढे म्हणाली तरी पुष्कळ झालं. अण्णांना फोन करून सांगितलं, तेही गहिवरले.

मायाक्का दारात उभी होती. न सांगता आत गेली आणि वाटीभर दूध घेऊन आली. आईने गटागटा प्यायलं. म्हणजे भूक लागली होती तर. मायाक्काला बरं कळतं.

२४ जानेवारी

बीपी १८०/१०४. मायाक्काला काढून टाकलं.

पेन्शनच्या कामाला गेलो होतो, लवकर परतलो. जिन्यातच ऐकू आलं. आईचा आवाज! सलग बोलत होती. दिवाळीपासून ज्या बाईच्या तोंडून सरळ वाक्य निघालं नाही, ती हसून काहीतरी सांगत होती. आणि सगळं कानडी. मायाक्का तिच्या केसांना तेल लावत होती आणि विचारत होती, आई उत्तरं देत होती.

मी आत गेलो तशी आई गप्प झाली. एकदम. पदर डोक्यावर ओढून घेतला तिने.

मायाक्काला म्हणालो, "मी काय सांगितलं होतं? तुझ्यामुळे तिची मराठी परत येत नाही. तू तिच्या डोक्यात हे भरवतेस."

"मी काय भरवनार गुरुजी? हाय त्येच निगतंय."

"उद्यापासून येऊ नकोस."

जाताना ती आईच्या पाया पडली. चपला घालता घालता म्हणाली, "गुरुजी, त्यांच्या मनासारकं एकदा करा. लई दिवस राहिलं न्हाईत." मला शिकवते.

ऋतुजा संध्याकाळी ग्रंथालयातून आली आणि माझ्याशी बोलली नाही. बोलू नकोस. दोन दिवस मी करीन आईचं सगळं.

आईचं मूळ नाव बसम्मा. लग्नात वडिलांनी यशोदा ठेवलं. आज का कोण जाणे आठवलं. मायाक्का तिला 'बसम्माआयी' म्हणत होती. हिला कुणी सांगितलं हे नाव?

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदनाला बोलावलं होतं. भाषण केलं. इंग्रजांनी नकाशावर रेघा ओढल्या आणि घरं फाडली, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. माझ्या आईला माहेरी जाऊ दिलं नाही, असंही म्हणालो. एक जुना विद्यार्थी भेटून रडला.

घरी आलो तर ताट तसंच. आईने सकाळपासून घास घेतला नव्हता. मी भरवायला बसलो तर तोंड मिटून घेतलं.

३० जानेवारी

चार दिवस पोटात काही नाही, दोन घोट पाण्याशिवाय. डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले. आई दिवसभर "मनी, मनीगी" करत होती. शेवटी मीच हरलो. गल्लीत एका घरी मांजरीची पिल्लं होती, एक पांढरं-तांबडं मागून आणलं. आमची मनी अशीच होती. आईच्या मांडीवर ठेवलं. म्हणालो, "बघ आई, मनी आली."

आईने पिल्लाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज नाही काही नाही. मला वाटलं, आनंदाने.

पिल्लू तिच्या मांडीवर झोपलं. तिने त्याला हात लावला नाही.

१ फेब्रुवारी

ऋतुजा भांडली. "बाबा, तुम्हाला आजी हवीय की साक्षीदार?"

मी ओरडलो. तिच्या जन्मापासून इतका ओरडलो नसेन. म्हणालो, "तुला काय माहीत आहे? सहासष्ट साली मी सात वर्षांचा होतो. शेवटचं आजोळ तेव्हाच. मामा कट्ट्यावर बसून वडिलांना म्हणाला, दाजी, आम्हाला हितंच बरं हाय, कशाला भांडता? वडिलांनी टोपी उचलली. आईचा हात धरून उठवलं. भाकरी तव्यावर होती. त्यानंतर मामा मेला तेव्हाही त्यांनी आईला पाठवलं नाही. म्हणाले, गाव इकडे आलं की जाऊ."

ऋतुजा हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे आजोबांनी पाठवलं नाही."

"इंग्रजांमुळे!"

"बरं," ती म्हणाली. "आजोबा जाऊन बावीस वर्षं झाली. त्यानंतर कुणी पाठवलं नाही?"

बीपी मोजलं नाही.

३ फेब्रुवारी

शेळगीला गेलो. मायाक्काचं घर शोधायला तासभर लागला. ती दारात शेंगा निवडत होती. उठली नाही.

म्हणालो, "बाई, चुकलं. चल. ती मरेल."

"तुमी मांजर आनलं म्हनं."

ऋतुजाने सांगितलेलं दिसतंय. म्हणालो, "तीच मागत होती ना."

मायाक्काने सूप खाली ठेवलं. तिला हसू येतंय की रडू, मला कळेना. म्हणाली, "गुरुजी, मनी म्हंजी मांजर न्हाई वो. मनी म्हंजी घर. मनीगी होगूण म्हनत्यात. घरी जाऊया. दिवाळीपास्नं त्येच म्हनत्यात की. आन हाल म्हंजी दूध. तुमी कुनाला तरी फोन करून सांगत हुता, हाल झाले, हाल झाले. मी दूध दिलं म्हनून भागलं."

मी तिथेच पायरीवर बसलो. उन्हं होती.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगू कसं? तुमीच म्हनला, ह्या घरात कानडी चालनार न्हाई. मनी ह्या शब्दाचा अर्थ सांगायचा म्हंजी कानडीच की."

पाणी दिलं तिने. मी विचारलं, "कुठलं घर म्हणते ती? आमचंच घर आहे ना ते, चाळीस वर्षं राहतेय तिथे."

"त्ये न्हाई. कोळेकट्टीचं. भाकरी तव्यावर ऱ्हायली म्हनत्यात."

५ फेब्रुवारी

आज सुनावणी होती.

सकाळी सातला गाडी आली. आई, मायाक्का, ऋतुजा आणि मी. आईला मागच्या सीटवर आडवं बसवलं. मायाक्का तिला काहीतरी म्हणाली, त्यात 'मनीगी' एवढंच मला कळलं. आईने चपला मागितल्या. तीन महिन्यांत पायात चपला घातल्या नव्हत्या तिने. सुजलेल्या पायांत ऋतुजाने कशातरी बसवल्या.

भीमेचा पूल किती वेळात गेला, मोजलं मी. अर्धं मिनिटसुद्धा नाही. साहेबाची ती रेघ, जिच्यावर मी शाळेशाळेत भाषणं केली, ती गाडीत झोपलेल्या माणसाला कळलीही नसती. पलीकडेही तोच ऊस, तीच ज्वारी. अण्णांचे फोन येत होते. सात आले. मी घेतले नाहीत. त्यांचं चुकत नाही, त्यांना माझं काय सांगू?

इंग्रजांवरचा माझा राग कमी झालेला नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. माणसाची जीभ एकाच रकान्यात बसते हा बेशरमपणा त्यांचाच. पण टिंबं साहेबाने काढली नव्हती. मोडी लिहिणारा आमच्यातलाच कुणीतरी कुळकर्णी होता, आणि त्यालाही संध्याकाळच्या आत यादी संपवायची असणार. दोन हजार एक साली मी काय केलं? आई समोर भात वाढत होती. एक प्रश्न विचारायचा होता.

मामेभाऊ शिवानंद दारात उभा होता. साठीचा, मामाचंच नाक. पुढे येऊन म्हणाला, "या जोतण्णा, या." मग आईला, "अत्ती, बर्री." आत्या, या, असं असणार. माझ्याशी स्वच्छ मराठी बोलतो. त्याची बायको आमच्या मोहोळची निघाली. मी विचारलं, घरात काय बोलता? तो म्हणाला, "आईसंगं कानडी, बायकोसंगं मराठी. भांडान दोन्हीत." म्हटलं, आणि शिरगणतीत काय लिहिता? "आमी कुटं लिवतो? येनारा मास्तर विचारत न्हाई की. वरच्या घराचं बघून लिवतो."

मी मान खाली घातली. त्याला वाटलं, मी दमलोय.

आईला कट्ट्यावर बसवलं. घर पत्र्याचं झालंय, पण कट्टा दगडी, तोच. गल्लीतल्या बायका जमल्या. कुणी पाणी आणलं, कुणी तिची दृष्ट काढली. पण आई बोलेना. कानडीतही बोलेना. भिंतीला न टेकता ताठ बसून राहिली, पदर डोक्यावर, पाय खाली सोडलेले. शिवानंदची बायको चपला काढायला वाकली तर आईने पाय मागे घेतले. मायाक्का वाकली, तिलाही काढू देईना. परत निघायच्या तयारीत बसल्यासारखी बसली होती, आणि नजर सारखी रस्त्याकडे. मला वाटलं, उगीच आणलं, तिला हे घर ओळखूच येत नाही.

मी जवळ गेलो. तिने मला खूण करून खाली वाकायला लावलं. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली, आणि मराठीत बोलली. अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं.

"जोती, ह्यास्नी इचारलंस का रं?"

ह्यास्नी म्हणजे वडिलांना.

मी म्हणालो, "व्हय आई. विचारलं."

"काय म्हनले?"

"म्हणाले, जा. राहा चार दिवस."

तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग दोन्ही पाय पुढे केले. मी खाली बसलो आणि तिच्या चपला काढल्या.